शहरातले पान आणि घरातले शेवटचे ताट



खेड्यातला माणूस मुंबईला जातो तो हौसेने क्वचितच. कोणाला परळच्या दवाखान्यात दाखवायचे असते, कोणाच्या मुलीचा कॉलेजात प्रवेश घ्यायचा असतो, तर कोणाचा जमिनीचा दावा हायकोर्टात अडकलेला असतो. रात्रीची गाडी धरायची, सकाळी तोंडावर पाणी मारायचे, रांगेत उभे राहायचे. घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी-चटणी पहिल्या दिवशी पुरते. दुसऱ्या दिवसापासून मग गाडीवरचा वडापाव, स्टँडवरची भजी आणि चार-चार कप चहा. तिसऱ्या दिवशी पोट बिघडते आणि दाखवायला आणलेल्या रोग्याबरोबर सोबतचा माणूसही आजारी पडतो.

या सदरात आपण बी-बियाणे, खत, फवारणी यांच्याविषयी बोलत असतो. आज शेतात उभ्या असलेल्या पिकाविषयी नव्हे, तर पानात वाढलेल्या पिकाविषयी बोलू. मोठ्या शहरात शांतपणे बसून साधे, स्वच्छ, शाकाहारी जेवण कोठे व कसे मिळते, ते कसे जेवावे आणि परत येताना तिथून काय शिकून यावे, एवढाच आजचा विषय. मी कोणाच्या मटणाच्या रश्श्यावर बोट ठेवत नाही. ज्याला जे रुचते व पचते ते त्याने खावे. पण परक्या गावी, दगदगीत, दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना वरण-भात, भाजी आणि ताक यांच्याइतके पोटाला मानवणारे दुसरे काही नाही, हे माझे इतक्या वर्षांच्या फिरतीतले मत आहे.

माटुंग्याच्या खानावळी

मुंबईत दादरहून मध्य रेल्वेची धिमी लोकल धरली, की पुढचेच स्टेशन माटुंगा. जलद लोकल तिथे सहसा थांबत नाही. पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड नावाचे वेगळे स्टेशन आहे, तेव्हा गाडी धरताना गोंधळ करू नका. स्टेशनाच्या पूर्वेला बाहेर पडलात, की फुलांचा आणि भाजीचा बाजार लागतो. केळीची पाने, नारळ, कढीपत्ता, मोगऱ्याचे गजरे हे सगळे पाहून क्षणभर आपल्याच तालुक्याच्या बाजारात आल्यासारखे वाटते.

ही वस्ती कशी उभी राहिली, तेही ऐकण्यासारखे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची मोठी साथ आली. दाट वस्तीत माणसे पटापट मेली. त्यानंतर १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि दादर-माटुंगा भागात मोकळ्या रस्त्यांची, झाडांची, हवेशीर घरांची आखणी झाली. पुढे इथे दक्षिणेकडून आलेले तमिळ, कानडी, मल्याळी नोकरदार राहू लागले. त्यांतले पुष्कळ तरुण एकटे होते. घर नाही, चूल नाही, रांधणारे माणूस नाही. अशांच्या पोटाची सोय करायला खानावळी निघाल्या. म्हणून तर त्यातल्या काहींच्या नावात आजही ‘बोर्डिंग’ हा शब्द आहे.

ए. रामा नायक यांनी माटुंगा स्टेशनाजवळ उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले ते १९४२ साली. ते दिवस महायुद्धाचे आणि धान्यटंचाईचे होते. याच वर्षी मुंबईत ‘चले जाव’ची हाक उठली. तशा काळात चालू झालेली ती खानावळ पुढे पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालीत राहिली. तिच्यासारखी आणखीही जुनी उपाहारगृहे त्या परिसरात आहेत.

उडिपी हे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे गाव. तिथला श्रीकृष्ण मठ तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी स्थापन केला. आठ मठ आळीपाळीने दोन-दोन वर्षे तिथल्या पूजेची व्यवस्था पाहतात. त्या पाळीला ‘पर्याय’ म्हणतात. आलेल्या यात्रेकरूला जेवू घालणे हा त्या व्यवस्थेचाच भाग. शेकडो माणसांचा स्वयंपाक रोज करायचा, तो वेळेवर व्हायला हवा, सोवळ्यात म्हणजे स्वच्छतेत व्हायला हवा, आणि पंगतीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पुरायला हवा. ही शिस्त अंगी बाणलेली माणसे पोटासाठी मुंबई, मद्रास, बंगलोरला गेली आणि त्यांनी ‘उडिपी हॉटेल’ ही चीज देशभर नेली. आज तालुक्याच्या गावीदेखील इडली-डोसा मिळतो, त्यामागे त्या किनाऱ्यावरच्या गरीब घरांतल्या पोरांचे कष्ट आहेत.

खानावळ कशी पारखावी

मुंबईत असो, पुण्यात असो की नागपुरात, चांगली खानावळ ओळखायची रीत एकच. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहून भुलत नाही, लेबल वाचतो. तसेच इथे करावे.

पहिली गोष्ट म्हणजे हात धुण्याची जागा पाहा. ती स्वच्छ असली तर आतली चूलही बहुधा स्वच्छ असते. दुसरे, पदार्थांची यादी पाहा. शंभर पदार्थांची यादी असलेल्या ठिकाणी सगळे ताजे असणे कठीण. ‘आजचे जेवण’ एवढीच पाटी असलेल्या ठिकाणी सकाळी शिजवलेले दुपारी संपते. तिसरे, दारात कोण जेवायला येते ते पाहा. आसपासच्या दुकानातली, कचेरीतली माणसे रोज येत असतील, म्हातारी माणसे आणि बायकामुले निर्धास्त बसत असतील, तर ते ठिकाण भरवशाचे समजावे. चौथे, अन्न सुरक्षा विभागाचा परवाना किंवा नोंदणी भिंतीवर लावणे बंधनकारक आहे. त्याचा क्रमांक १४ आकडी असतो आणि तो बिलावरही छापावा लागतो.

पैशाच्या बाबतीत आपले लोक फार बुजतात. सुटाबुटातला गल्ल्यावर बसलेला पाहिला, की बिल न वाचताच नोट पुढे करतात. तसे करू नका. बसण्याआधीच विचारा, “जेवण किती रुपयांना? पुन्हा वाढतात का?” यात कसलाही कमीपणा नाही. कापूस घालताना आपण भाव विचारतोच की. साध्या उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत लिहिलेला दिसेल. काही मोठ्या ठिकाणी ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून आणखी एक ओळ असते. ती रक्कम सक्तीने घेता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा नको असेल तर शांतपणे “ही रक्कम काढा” म्हणावे. तक्रार करायचीच झाली तर ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. पाण्याची बाटली समोर आणून ठेवली तरी ती घेतलीच पाहिजे असे नाही. “साधे पाणी द्या” म्हणावे.

गर्दी टाळायची असेल तर थोडे लवकर जावे. एका टेबलावर अनोळखी माणसे शेजारी बसतात, त्याचा संकोच करू नये. आपल्या सप्त्याच्या पंगतीत कोण कोणाला ओळखत असतो?

पानात काय येते

उडिपी पद्धतीचे जेवण केळीच्या पानावर असेल तर पानाचे टोक आपल्या डाव्या हाताला येते. आपल्याकडे जशी ताटाची डावी-उजवी बाजू ठरलेली, तशीच तिथेही प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वरच्या अंगाला मीठ, लोणचे, कोशिंबीर, भाज्या आणि खालच्या अंगाला भात. कोशिंबिरीला ते ‘कोसंबरी’ म्हणतात. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, ओले खोबरे, वर लिंबू. कोरड्या भाजीला ‘पल्या’ म्हणतात. भात पहिल्यांदा पातळ सारावर कालवायचा, मग भाज्या घातलेल्या दाट आमटीवर, म्हणजे सांबारावर, आणि शेवटी ताकावर. मठाच्या पारंपरिक स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. चव असते ती धने, मेथ्या, मिरची, हिंग, चिंच आणि खोबऱ्याची.

शेतीचा पदवीधर म्हणून मला या पानाकडे पाहताना नेहमी एक गोष्ट जाणवते. यातली एकही जिन्नस आपल्याला परकी नाही. तूर आपली, मूग आपला, तांदूळ आपला. हळद तर सांगलीची आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची नामांकित, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही ते मिळाले आहे. आता कित्येक शहरी उपाहारगृहांतून नाचणीची इडली, ज्वारीची भाकरी, बाजरीची खिचडी मोठ्या कौतुकाने वाढली जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून तर हे कौतुक वाढलेच आहे. आणि आपल्याकडे? नाचणी विकून आपण बिस्किटांचे पुडे घरी आणतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण पिकतं तिथं खाल्लंही जात नाही, ही त्याहून वाईट गोष्ट.

या पानाची जुळणी मात्र शहाणपणाची आहे. भातातल्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते भातात. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की शरीराला पूर्ण प्रथिन मिळते. आंबवलेली इडली पचायला हलकी. लिंबू पिळल्याने डाळीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी अधिक लागते. याच्या उलट, जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या चहा घेतला तर तो त्या लोहाला अडवतो. म्हणून जेवल्यावर तासभर तरी चहा नको. मधुमेह असलेल्यांनी आधी कोशिंबीर आणि भाजी खावी, भात एकदाच आणि बेताने घ्यावा.

आणखी एक सांगणे. पुन्हा वाढतात म्हणून पानात ढीग करू नये. एक किलो तांदूळ पिकवायला दोन-तीन हजार लिटर पाणी तरी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाटाच्या पाळीसाठी ज्याने रात्र जागून काढली आहे, त्याच्या पानात भात उरू नये.

वाफेचा भात

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

महिला बचत गटांचा माल विकण्यासाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ‘महालक्ष्मी सरस’ हे प्रदर्शन भरते. एका वर्षी आमच्या भागातल्या एका गटाबरोबर मी गेलो होतो. आठ जणी होत्या. नाचणीचे पापड, कुरडया, काळा मसाला, ज्वारीचे पोहे असा त्यांचा माल. विक्री बरी झाली. निघायच्या दिवशी मी त्यांना माटुंग्याच्या अशाच एका जुन्या खानावळीत जेवायला नेले.

आत गजबज होती, पण आरडाओरडा नव्हता. गाणे नाही, टीव्ही नाही. वाढपी कमी बोलत होते आणि भराभर फिरत होते. आमच्या बायका पहिल्यांदा भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. बसा म्हटल्यावर बसल्या. पाने मांडली, भाज्या आल्या, भात आला. वाढपी सारासाठी वळला तोच आमच्यातली एक जण उठली आणि त्याच्या हातातल्या भांड्याकडे हात नेऊन म्हणाली, “द्या इकडं, मी वाढते ह्यांना.” तो उडिपीकडचा पन्नाशीचा माणूस. मोडक्या मराठीत म्हणाला, “अम्मा, तुम्ही बसा. वाढायचं काम माझं.” सगळ्या हसल्या. ती लाजून बसली.

शेजारी साठी उलटलेल्या एक काकू होत्या. त्यांचे पान भरलेले, पण हात मांडीवर. मी विचारले, “काकू, सुरुवात करा ना.” त्या म्हणाल्या, “होऊ द्या की सगळ्यांचं आधी.” आता सगळ्यांचे म्हणजे कोणाचे? पंगतीत सर्वांनाच वाढून झाले होते. वाट पाहायला कोणी उरलेच नव्हते. हे ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी भातावर सार घेतले आणि खाली मान घालून जेवू लागल्या. दोनदा भात मागून घेतला. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “साहेब, रोज दोन वेळा भात मीच उतरवते. पण वाफेचा भात माझ्या पानात पडला तो आज.”

वाचकहो, ही बाई गरीब घरातली नाही. घरी आठ एकर बागायत आहे, दावणीला दोन म्हशी आहेत, धान्याच्या कोठ्या भरलेल्या आहेत. तिला कोणी उपाशी ठेवत नाही, कोणी टाकून बोलत नाही. तरीही लग्न होऊन आल्यापासून तिच्या वाट्याला गरम भात आला नाही, कारण ती कायम शेवटी जेवते.

शेवटच्या ताटात काय उरते

आपल्या घरातला रोजचा क्रम डोळ्यांपुढे आणा. आधी पुरुष बसतात, मग पोरे, मग पाहुणा असेल तो, मग गडी. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे हा आपला हट्ट. म्हणजे जोवर एक माणूस जेवतो आहे तोवर बाई चुलीपुढून उठू शकत नाही. सगळ्यांचे झाले की ती बसते. तोवर पातेल्यात काय असते? तळाशी खरपुडी, आमटीचे वरचे पाणी, भाजीचा मसाला आणि गार झालेली भाकरी. भाजी संपली असेल तर ती चटणीवर भागवते आणि वर म्हणते, “मला भूकच नव्हती.” हीच बाई दिवसभर खुरपणीला किंवा कापूस वेचायला वाकलेली असते.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. याला कारणे अनेक आहेत. पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत, आहारात लोहाची कमतरता. शेवटी जेवणे हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. पण पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर बाईला २९ मिलिग्रॅम, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवून दिले आहे. ज्या माणसाला लोहाची गरज जास्त, त्याच्याच ताटातून डाळ आणि पालेभाजी गळते, हा हिशेब कोणत्या शेतकऱ्याला पटेल? दुभत्या म्हशीला आपण आधी पेंड घालतो आणि भाकड जनावराला मागून. हे गोठ्यात कळते ते घरात का कळू नये?

गर्भार सुनेच्या बाबतीत तर हे फार महागात पडते. आईचे रक्त कमी, म्हणजे बाळंतपणात धोका आणि बाळ वजनाने कमी.

घरी काय करावे

त्या आठ जणी परत आल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. सगळीकडे आनंदीआनंद झाला, असे नाही. एकीचा नवरा म्हणाला, “हॉटेलात जाऊन हेच शिकून आलीस होय?” दुसरीच्या सासूबाई म्हणाल्या, “आम्ही नाही का जगलो?” पण एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने स्वतःहून आईचे ताट आधी वाढून बाजूला झाकून ठेवायला सुरुवात केली. त्या घरात भांडण न होता बदल झाला. त्या बैठकीतून आणि नंतरच्या बोलण्यातून जे जमण्यासारखे वाटले ते इथे देतो.

पहिले, गरम भाकरीचा हट्ट सोडा. सगळ्या भाकऱ्या भाजून दुरडीत स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर बराच वेळ मऊ आणि कोमट राहतात. मग भांडी मध्ये मांडून सर्वांनी एकदम बसावे. ज्याला हवे ते त्याने हाताने घ्यावे.

दुसरे, एकदम बसणे जमत नसेल, पाळीपाळीने माणसे शेतावरून येत असतील, तर पहिले ताट वाढण्याआधी तिच्या वाट्याची डाळ, भाजी आणि भाकरी काढून झाकून ठेवावी. शेवटी जेवली तरी उरलेले जेवू नये.

तिसरे, आठवड्यातून एक दिवस, समजा बाजाराच्या दिवशी, बापाने आणि मुलाने वाढावे. वाढणाऱ्याला कळते की पातेल्यात किती आहे आणि अजून किती जण जेवायचे आहेत. हे गणित एकदा डोक्यात बसले, की मग पुरुषाचा हात दुसऱ्यांदा भाजी घेताना आपोआप थांबतो.

चौथे, परसात एक लिंबू, एक शेवगा, एक कढीपत्ता आणि सांडपाण्यावर चार हात माठ-मेथीचे वाफे असावेत. बियाण्याला फार खर्च नाही. ताटात रोज पाला आणि वर लिंबाची फोड एवढे झाले तरी पुष्कळ. नाचणी सगळी विकू नका. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके असते.

पाचवे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून मिळते. बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गर्भार असताना ११ च्या खाली असेल तर ते कमी समजावे. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या फडताळात ठेवायच्या नसतात. चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात.

सहावे सांगणे सासूबाईंना. घरची पद्धत तुमच्या शब्दावर चालते. सून म्हणाली तर ते उलट उत्तर ठरते. मुलगा म्हणाला तर तो बायकोच्या ताटाखालचे मांजर ठरतो. पण तुम्ही “ये ग, माझ्या शेजारी बस” एवढेच म्हटलेत, तर कोणाची बोलायची छाती नाही. तुम्ही सोसलेत म्हणून तिनेही सोसावे, असे तुमच्याही मनात नसेल.

कोणी म्हणेल, आमच्यात अशी रीत नाही. अहो, दिंडीत चालताना आणि काल्याच्या दिवशी आपण लहान-थोर पाहत नाही, एकाच्या हातचे दुसरा घेतो. रीत आपल्याकडे आहे, ती उंबऱ्याच्या आत आणायची राहिली आहे.

शहरातल्या त्या खानावळीला मी मोठेपणा देतो तो चवीसाठी नव्हे. चव तुमच्या चुलीवरही आहे, कांकणभर जास्तच आहे. तिथे पैसे देणाऱ्या प्रत्येकाला सारखे वाढतात, एकदम वाढतात आणि तो जेवेपर्यंत त्याला कोणी उठवत नाही. घरची बाई पैसे देत नाही, कष्ट देते. तिला निदान गिऱ्हाइकाइतका मान मिळायला हरकत नसावी.

पुढल्या खेपेला दवाखान्यासाठी किंवा आणखी कोणत्या कामासाठी शहरात जाल, तेव्हा घरच्या बाईलाही बरोबर घेऊन अशा एखाद्या निवांत ठिकाणी बसा. ती पापड नातवासाठी पदरात बांधू लागली तर नातवासाठी वेगळा घ्या, पण तिचा तिला खाऊ द्या.

आणि त्यासाठी शहराच्या फेरीची वाट पाहायची गरज नाही. हा अंक घरी आला की एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. ज्याने वाचला त्यानेच आज रात्री सगळ्यांना वाढावे. कसे झाले ते एका पत्राने कळवा. बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिले तर अधिक बरे वाटेल.